एनसी म्हणजे केस नव्हे : फौजदारी कायद्याची तोंडओळख, बांधावरच्या भांडणासकट

जुना_शिरस्तेदार (धागाकर्ता)

मंडळी, परवा सांगलीत विजयनगरला कोर्टाबाहेरच्या टपरीवर चहा घेत होतो. निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी पाय तिकडंच वळतात, त्याला इलाज नाही. तेवढ्यात गावाकडचा एक पुतण्या (चुलतचुलत, पण पुतण्याच) कागदाची घडी घेऊन आला.

"आप्पा, केस केली बघा त्याच्यावर. आता उचलणार कधी त्याला?"

घडी उलगडली. शेजाऱ्यानं बांध कोरला, त्यावरून बाचाबाची, शिवीगाळ, खोऱ्याच्या दांड्याचा डाव्या हातावर फटका आणि जाताजाता "तुला बघून घेतो". खाली कलमं, भारतीय न्याय संहिता ११५(२), ३५२, ३५१(२). वर ठळक अक्षरात 'अदखलपात्र'. म्हणजे एनसी. पोरगं चार दिवस गावभर सांगत फिरत होतं की केस घातली म्हणून.

त्याला समजावताना चहा दोनदा सांगावा लागला. म्हटलं एकदा इथंच लिहून टाकू. मी वकील नाही. पस्तीस वर्षं कोर्टात रोजनामे लिहिले, मुद्देमाल सांभाळला, साक्षीदारांचे पुकारे ऐकले, तेवढ्यावर लिहितोय. चुकलं तर इथले वकील कान धरतीलच.

पहिली गोष्ट. "मी त्याच्यावर केस केली" असं सगळे म्हणतात. फौजदारीत तुम्ही खबर देता, केस सरकार करतं. कागदावर 'महाराष्ट्र शासन विरुद्ध अमुक' असं असतं आणि तुमचं नाव साक्षीदारांच्या यादीत. तपास पोलिसांचा, वकील सरकारी. म्हणून उद्या तुमचा राग निवळला तरी "मी केस मागं घेतो" एवढं म्हणून ती मागं जात नाही. काही गुन्ह्यांत तडजोड चालते, काहींत कोर्टाची परवानगी लागते, बाकीच्यांत नाहीच. आणि बांध नेमका कुणाचा, हे फौजदारी कोर्ट ठरवत नाही. ते मोजणीचं आणि दिवाणीचं काम. फौजदारीत प्रश्न एवढाच असतो, दांडा कुणी मारला आणि का मारला.

दुसरी गोष्ट, कायदे बदललेत. १ जुलै २०२४ पासून १८६० च्या भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता, फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि १८७२ च्या पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम. पहिला सांगतो गुन्हा काय आणि शिक्षा किती. दुसरा सांगतो अटक, तपास, जामीन, खटला कसा चालायचा. तिसरा सांगतो कोर्टानं काय ऐकायचं आणि काय कानाआड करायचं. आकडे सगळे हलले. ३०२ चा खून आता १०३, ३०७ आता १०९, ४२० ची फसवणूक ३१८(४). चारशेवीस आता कलम राहिलं नाही, शिवी तेवढी उरली. पण गुन्हा ३० जून २०२४ ला किंवा आधी घडला असेल तर त्याला जुनंच कलम लागतं. त्यामुळं कोर्टात अजून बरीच वर्षं दोन्ही आकडे नांदणार.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. गुन्हे दोन जातींचे, दखलपात्र आणि अदखलपात्र. दखलपात्र म्हणजे पोलीस स्वतः होऊन तपास करू शकतात, वॉरंटशिवाय अटक करू शकतात, आणि जी लिहितात ती प्रथम खबर, एफआयआर. अदखलपात्रात पोलीस नोंद करतात, तुम्हाला कोर्टात जायची समज देतात, आणि न्यायदंडाधिकाऱ्यांच्या हुकमाशिवाय तपासाला हात लावू शकत नाहीत. पुतण्याच्या कागदावरची तिन्ही कलमं अदखलपात्र. जुने लोक ओळखतील, हेच आधी '३२३, ५०४, ५०६' होतं. आपल्याकडच्या बांधावरच्या भांडणांचं हे ठरलेलं त्रिकूट.

आता त्याच फटक्याचं बघा. साधी दुखापत असेल तर ११५(२). तीच कोयत्यानं किंवा जीव जाऊ शकेल अशा हत्यारानं केली तर ११८(१). हाड मोडलं तर गंभीर दुखापत, ११७(२), शिक्षा ७ वर्षांपर्यंत. जिवे मारायच्या इराद्यानं डोक्यात घातला तर १०९. हात तोच, दांडा तोच. फरक जखमेचा, हत्याराचा आणि मनातल्या इराद्याचा. इरादा कुणाला दिसत नाही, म्हणून तो कुठं मारलं, किती वेळा मारलं, आधी काय बोलला, घरातून हत्यार घेऊन आला की हाताला लागलं ते उचललं, यावरून काढतात. आणि हे सगळं पहिल्यांदा लिहिलं जातं ठाण्यात, ठाणे अंमलदारासमोर, तुम्ही रागानं थरथरत असताना. तिथं जे सुटलं ते नंतर साक्षीत भरायला गेलात की समोरचा वकील म्हणणार, "हे तुम्ही आज प्रथमच सांगताय."

पुतण्याला विचारलं, हाताचा एक्सरे काढला का? म्हणाला, "हळद लावलीय." मिरजेला पाठवलाय.

---

बेदाणा

आप्पा, झकास. आमचं दुखणं वेगळं आहे. तासगाव तालुक्यात द्राक्षबाग. व्यापारी आला, पहिले दोन तोडे रोख दिले, तिसऱ्याचा चेक. चेक परत आला, गड्याचा फोन बंद. ठाण्यात गेलो तर म्हणाले "हा दिवाणी मामला, कोर्टात जावा". व्यवहार बुडाला म्हणून दिवाणी आणि फसवलं म्हणून फौजदारी, हा फरक करायचा कुणी आणि कशावरून?

---

कृष्णाकाठची_वकीलीण

आधी आप्पांना एक दुरुस्ती. फौजदारी केस सरकारच करतं हे सगळीकडे खरं नाही. खाजगी फिर्याद थेट न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर दाखल करता येते, चेकच्या केसेस तशाच चालतात. तिथं तुम्हीच फिर्यादी आणि वकील तुमचा तुम्ही द्यायचा.

बेदाणा, ठाण्यातल्या साहेबांचं म्हणणं सरसकट चूक नाही आणि सरसकट बरोबरही नाही. फसवणूक होण्यासाठी खोटा इरादा *सुरुवातीपासून* हवा. व्यापाऱ्याचा माल पुढं दिल्लीला अडकला, भाव पडला, म्हणून तो पैसे देऊ शकला नाही तर तो देणेकरी, चोर नाही. पण खोटं नाव सांगितलं, नसलेल्या पेढीचं कार्ड दिलं, आधीच बंद केलेल्या खात्याचा चेक दिला, किंवा त्याच हंगामात पंचक्रोशीतल्या आठ जणांकडून अगदी ह्याच पद्धतीनं माल उचलला, तर इरादा पहिल्यापासूनचा दिसायला लागतो. म्हणून एकट्यानं जाऊ नका. फसलेले सगळे मिळून जा. प्रत्येकाची तारीख, वजनकाट्याच्या पावत्या, गाडीनंबर, फोनवरचे संदेश एका तक्त्यात मांडा. पहिले दोन तोडे रोख का दिले, हेही लिहा. विश्वास बसवायला दिले, हीच तर त्याची पद्धत.

आणि चेक घरात ठेवून बसू नका! परक्राम्य संलेख अधिनियमाचं कलम १३८. बँकेकडून चेक परत आल्याचं कळल्यापासून ३० दिवसांत लेखी मागणीची नोटीस. ती मिळाल्यावर त्याला १५ दिवस. तरी दिले नाहीत तर पुढच्या एक महिन्यात कोर्टात फिर्याद. शिक्षा २ वर्षांपर्यंत किंवा चेकच्या दुप्पट रकमेपर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्यानं गुन्हा कबूल केला नाही तर केस चालू असताना रकमेच्या २० टक्क्यांपर्यंत अंतरिम भरपाई द्यायला कोर्ट सांगू शकतं. माझ्याकडं दरवर्षी मे महिन्यात असे शेतकरी येतात ज्यांच्या ३० दिवसांवर चार दिवस गेलेले असतात. चेकची मुदत, म्हणजे तारखेपासून तीन महिने, शिल्लक असेल तर तो पुन्हा बँकेत टाकून नवी तारीख मिळवता येते. नसेल तर ह्या कलमाची वाट बंद.

---

बेदाणा

परत आल्याला आज बाविसावा दिवस. उद्या तुम्हाला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.

---

कृष्णाकाठची_वकीलीण

उद्या नको, आत्ता करा.

---

खुरपं

आजोबा कुंडलचे. त्यांच्या वेळी प्रतिसरकारात गावगुंडाला सरळ पत्री लावायचे, म्हणजे तळपायावर फटके. तारीख नाही, वकील नाही, चार दिवसांत निकाल. आत्ता नुसतं वाचूनच दमलो.

---

जुना_शिरस्तेदार

खुरपं, आमच्या घरातही त्या गोष्टी आहेत. क्रांतिसिंह नाना पाटलांच्या माणसांनी दरोडेखोरांना आणि सावकारांना वचक बसवला, यात वाद नाही. पण पत्री ज्याला लागली त्याला अपील नव्हतं. ज्याला चुकून लागली असेल त्याच्या नातवाला विचार.

---

माहुलीकर

साताऱ्याकडून हजेरी. न्यायाचा विषय आणि रामशास्त्री प्रभुण्यांचं नाव नाही, हे आम्हा माहुलीकरांना चालत नाही. नारायणराव पेशव्यांचा खून ३० ऑगस्ट १७७३ चा. खुद्द राघोबादादांना दोषी धरून देहान्त प्रायश्चित्त सांगितलं आणि पुणं सोडलं. असा न्यायाधीश आज दाखवा.

---

जुना_शिरस्तेदार

माहुलीकर, नाव घेतलंत ते बरं केलंत. पण सगळे निकालच सांगतात. मला त्या गोष्टीत कागद दिसतो. 'धरावे' चं 'मारावे' झालं, 'ध' चा 'मा', असं आपण लहानपणापासून ऐकतो. ते कुणी केलं यावर इतिहासवाले भांडोत. एक अक्षर बदललं की अटकेचा हुकूम खुनाचा होतो, एवढं कोर्टात आयुष्य काढलेल्या माणसाला पुरतं. तुमच्या एफआयआरमध्ये 'दांड्याने मारले' आणि 'लोखंडी दांड्याने मारले' यात एकाच शब्दाचा फरक आहे. कलम बदलतं.

म्हणून सही करायच्या आधी लिहिलेलं वाचून घ्या. वाचता येत नसेल तर वाचून दाखवायची जबाबदारी लिहिणाऱ्याची आहे. प्रत फुकट मिळते, तो तुमचा हक्क.

---

विट्याची_सून

आणि ठाण्यात घेतच नसतील तर? माझ्या नणंदेचा नवरा मारतो. ती तिच्या गावच्या ठाण्यात दोनदा जाऊन आली. दोन्ही वेळा एनसी लिहून "घरातलं घरात मिटवा" म्हणाले. आता ती माहेरी, आमच्याकडं आहे. खटाव तालुक्यातलं भांडण इथं विट्यात सांगता येतं का?

---

कृष्णाकाठची_वकीलीण

येतं. हद्द कुठलीही असो, दखलपात्र गुन्ह्याची खबर कुठल्याही ठाण्यात द्या. ते शून्य क्रमांकानं नोंदवून हद्दीच्या ठाण्याकडं पाठवतात. पूर्वी हे परिपत्रकांवर आणि निकालांवर चालायचं, आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्येच आहे. नवऱ्याकडून किंवा सासरच्यांकडून छळ हा दखलपात्र गुन्हा आहे, जुनं ४९८अ, आता ८५ आणि ८६. ती दोनदा जाऊन 'मारलं' एवढंच सांगून आली असणार, म्हणून एनसी झाली. कधीपासून, किती वेळा, पैशाची मागणी होती का, दवाखान्यात नेलं का, शेजाऱ्यांपैकी कुणी पाहिलं, हे तारखांसकट बसून लिहून काढा. मग जा. एका घटनेत दहा कलमं असली आणि त्यातलं एक जरी दखलपात्र असलं तर सगळी केस दखलपात्र धरतात.

तरी घेतलं नाही तर पोलीस अधीक्षकांना लेखी अर्ज, स्पीड पोस्टानं, पोहोच जपून. तिथंही काही झालं नाही तर प्रतिज्ञापत्रासह न्यायदंडाधिकाऱ्यांकडं, कलम १७५(३). दखलपात्र गुन्ह्याची खबर आली की एफआयआर नोंदवणं बंधनकारक आहे, हे सर्वोच्च न्यायालयानं ललिता कुमारी प्रकरणात २०१३ मध्येच सांगितलंय. त्याच निकालात वैवाहिक वादांसारख्या काही प्रकरणांत आधी प्राथमिक चौकशीला मुभा आहे, तेवढं लक्षात ठेवा.

वकील परवडत नाही हा विचार करू नका. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात स्त्रियांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. फोन १५१००. आणि जीवाला धोका वाटला तर ११२.

---

विट्याची_सून

तारखा लिहायला बसवलंय तिला. पहिल्या पानावरच रडायला लागली. पण लिहितेय.

---

झेडपी_मास्तर

माझा प्रश्न हसण्यासारखा वाटेल, पण झोप उडालीय. जत तालुक्यात शिक्षक आहे. पाच वर्षांपूर्वी एका खुनाच्या तपासात पोलिसांनी मला पंच म्हणून नेलं होतं. सरकारी नोकर पाहिजे म्हणाले. मार्चची दुपार, दोनचा सुमार, उन्हानं डोकं फिरलेलं. आधी ठाण्यात आरोपी काहीतरी बोलला, ते लिहिलं, माझी सही. मग जीपमधून एका पडक्या विहिरीवर. आरोपीनं बोटानं जागा दाखवली, एका पोरानं गळ टाकला, तिसऱ्यांदा कोयता वर आला, मूठ कुजलेली. कागदात गुंडाळला, वर लेबल, लाख, सही. परत आलो आणि विसरलो. आता समन्स आलंय. मला विहीर आठवते, गळ आठवतो, आरोपीचा चेहरा आठवत नाही. काय बोलू?

---

जुना_शिरस्तेदार

मास्तर, हसण्यासारखं काही नाही. पंचावर केस टेकलेली असते आणि पंचालाच कुणी काही समजावून सांगत नाही.

पोलिसांसमोर आरोपीनं दिलेला कबुलीजबाब कोर्ट वाचत नाही. "मी मारलं" असं तो ठाण्यात दहादा म्हणाला तरी पुराव्यात शून्य. हे इंग्रजांनीच घालून ठेवलं, कारण ठाण्यात माणूस काय काय कबूल करतो हे त्यांनाही ठाऊक होतं. स्वतःविरुद्ध साक्ष द्यायची सक्ती नाही, हे घटनेच्या कलम २०(३) मध्येही आहे. पण याला एक खिडकी आहे. आरोपी म्हणाला, "कोयता अमक्या विहिरीत टाकलाय, दाखवतो," आणि खरंच तिथं कोयता निघाला, तर त्याच्या बोलण्यातला *तेवढाच* तुकडा चालतो ज्यामुळं वस्तू सापडली. 'ज्यानं मी त्याला मारलं तो कोयता' यातलं 'ज्यानं मी त्याला मारलं' बाजूला काढायचं, उरलेलं वाचायचं. हा निवेदन पंचनामा, जुन्या पुरावा कायद्याच्या कलम २७ वरून कोर्टात सगळे 'सत्तावीसचा पंचनामा' म्हणतात. नव्या साक्ष्य अधिनियमात तो कलम २३ मध्ये गेलाय. तुमची केस जुनी, त्यामुळं तुम्हाला सत्तावीसच ऐकू येईल.

ठाण्यात आरोपी बोलला तेव्हा तुम्ही होता, विहिरीवरही होता. म्हणून तुम्ही महत्त्वाचे.

साक्षीच्या दिवशी लवकर जा, सरकारी वकिलांना भेटा, पंचनामा वाचायला मागा. आठवण ताजी करायला कागद वाचणं गैर नाही. कोर्टात मुद्देमाल उघडतील, लेबल दाखवतील, सही तुमची आहे का विचारतील. जे आठवतं ते सांगा. चेहरा आठवत नसेल तर आठवत नाही म्हणा. मग उलटतपास. "तुम्हाला पोलिसांनी ठाण्यात बसवून सह्या घेतल्या, हे म्हणणं खरं आहे का?" "हे म्हणणं खरं नाही." "असा कोयता कुठल्याही बाजारात मिळतो, हे म्हणणं खरं आहे का?" मिळतोच, सांगा "खरं आहे". हा प्रश्न प्रत्येक वकील विचारतो. मी एवढ्या वेळा ऐकलाय की झोपेतही उत्तर देईन. गांगरू नका, चिडू नका, वकिलाशी वाद घालू नका. न्यायाधीशांकडं बघून बोला.

आणि फितूर होऊ नका. बरेच पंच कंटाळा म्हणून किंवा गावकीच्या दबावानं "माझ्यासमोर काही झालं नाही, सही फक्त माझी" म्हणतात. खोटी साक्ष हा स्वतंत्र गुन्हा आहे.

---

कृष्णाकाठची_वकीलीण

आप्पा सरकारी बाजूनं बोलतात, मी बहुतेकदा आरोपीच्या बाजूनं उभी असते, म्हणून दुसरी बाजू. मास्तर, ठाण्यात तुमच्यासमोर आरोपी बोललाच नसेल, तुम्ही गेलात तेव्हा कागद तयारच असेल, तर तेही तसंच सांगा. तयार कागदांवरच्या सह्या मी उलटतपासात कितीदा बाहेर काढल्यात. आरोपीनं खून केला की नाही हे तुम्हाला माहीत नाही. ते तुमचं कामही नाही. आरोप सिद्ध करायची जबाबदारी सरकारची, तीही वाजवी शंकेला जागा उरणार नाही इतकी. त्यात भोक राहिलं तर शंकेचा फायदा आरोपीला. गावात लोक म्हणतात "वकिलानं सोडवलं". बहुतेक वेळा तपासानंच सोडवलेलं असतं.

नव्या कायद्यात झडती-जप्तीचं व्हिडिओ चित्रण सक्तीचं झालंय, आणि ७ वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञ घटनास्थळी यावा अशी तरतूद आहे, राज्यांना ती लागू करायला पाच वर्षांची मुभा. पुढच्या मास्तरांना तरी चेहरा आठवायला व्हिडिओ असेल.

---

मिरज_जंक्शन

बातम्यांत 'आरोपीला न्यायालयीन कोठडी' असं येतं तेव्हा आमचे बाबा म्हणतात "सुटला बघ". सुटतो का?

---

जुना_शिरस्तेदार

सुटत नाही, जागा बदलते. अटक केल्यापासून २४ तासांत, प्रवासाचा वेळ सोडून, न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर आणावं लागतं. ते घटनेतच आहे, कलम २२. मग पोलीस म्हणतात अजून चौकशी बाकी आहे, पीसीआर द्या. पीसीआर म्हणजे पोलीस कोठडी, माणूस ठाण्याच्या लॉकअपमध्ये. ती मिळाली नाही किंवा संपली की एमसीआर, न्यायालयीन कोठडी, म्हणजे तुरुंग. पोलिसांना तिथं मनाला येईल तेव्हा चौकशी करता येत नाही. वकील सहसा एमसीआर झाल्यावर जामिनाचा अर्ज टाकतात, म्हणून बाबांना तसं वाटतं. पोलीस कोठडी एकूण १५ दिवस, तीही पहिल्या १५ दिवसांतच.

---

कृष्णाकाठची_वकीलीण

आप्पा, इथं कान धरते. एकूण १५ खरं, पण आता ती पहिल्या पंधरवड्यातच संपवावी लागत नाही. गुन्ह्याच्या गांभीर्याप्रमाणं पहिल्या ४० किंवा ६० दिवसांत तुकड्यातुकड्यानं मागता येते. आम्हा बचावाच्या वकिलांना हा बदल अजिबात आवडलेला नाही. ६० किंवा ९० दिवसांत दोषारोपपत्र आलं नाही तर जामीन हक्कानं मिळतो, ते मात्र तसंच आहे.

आणि 'अजामीनपात्र' म्हणजे जामीन मिळतच नाही असं नव्हे. जामीनपात्र गुन्ह्यात जामीन हक्क आहे, ठाण्यातूनही मिळतो. अजामीनपात्रात कोर्ट ठरवतं. पळून जाईल का, साक्षीदारांना दम देईल का, गुन्हा किती गंभीर, हे बघून. सत्र न्यायालयानं नाकारला की पूर्वी मुंबईची रात्रगाडी होती. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच चालू झालंय. सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग सगळे तिथं. सकाळी मिरजेतून निघायचं, संध्याकाळी घरी जेवायचं. पक्षकाराचा मुंबईतल्या लॉजचा खर्च वाचला, हे कुठल्याही कलमापेक्षा मोठं आहे.

---

अण्णा_कवठेकर

माझं वय ६७. पुतण्याच्या भानगडीत साक्षीदार म्हणून ठाण्यात रोज बोलावतात, दिवसभर बाकड्यावर बसवतात. जावंच लागतं का?

---

कृष्णाकाठची_वकीलीण

नाही. ६० वर्षांवरचे पुरुष, १५ वर्षांखालची मुलं, स्त्रिया, अपंग आणि गंभीर आजारी माणसं यांना साक्षीदार म्हणून घराबाहेर बोलावता येत नाही, पोलिसांनीच घरी यायचं. कलम १७९. स्वतःच्या मर्जीनं गेलात तर गोष्ट वेगळी. अर्जावर हे कलम आणि तुमची जन्मतारीख लिहून एकदा आवक-जावकला द्या, पोहोचेचा शिक्का घ्या.

---

खुरपं

आप्पा, पुतण्याच्या हाताचं काय झालं?

---

जुना_शिरस्तेदार

करंगळीमागचं हाड मोडलंय. मिरजेच्या डॉक्टरांनी 'गंभीर' असं प्रमाणपत्र दिलं. ते घेऊन परवा ठाण्यात गेला, ११७(२) लागलं, दखलपात्र झालं, एफआयआर झाली. मग पुन्हा टपरीवर. "आप्पा, आता तरी उचलणार ना?"

म्हटलं, हे कलम जामीनपात्र आहे. शिवाय ७ वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात उठसूट अटक करू नका, कारणं लेखी द्या, नाहीतर हजर राहायची नोटीस द्या, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१४ साली अर्णेश कुमार प्रकरणात बजावलंय. त्याला नोटीस येईल, तो येईल, जबाब देईल, घरी जाईल. पोरगं असं बघत होतं जसा मीच बांध कोरला.

आणि अजून एक. शेजाऱ्यानंही फिर्याद दिलीय. म्हणतो, ह्यानं आधी दगड मारला, मी स्वतःला वाचवायला दांडा उचलला. स्वसंरक्षणाचा हक्क कायद्यात आहे, कलम ३४ पासून पुढं, फक्त धोक्याच्या मानानं जास्त इजा करायची नाही. पुतण्याला विचारलं, दगड मारला होतास का? म्हणाला, "ढेकूळ होतं."

ढेकूळ एफआयआरमध्ये नाही.

---

कृष्णाकाठची_वकीलीण

नाही तर आता उलटतपासात येईल. आप्पा, त्याला सांगा सरकारी वकिलांना ढेकळाचं आधीच सांगून टाक. आणि दोन्ही बाजूंची तयारी असेल तर ११७(२) कोर्टाच्या परवानगीनं मिटवता येतं. लोकअदालतीत ठेवा. पण आधी मोजणीचा अर्ज, नाहीतर पुढच्या पावसाळ्यात नवी एनसी.

---

जुना_शिरस्तेदार

मोजणीची फी दोघांनी निम्मी-निम्मी भरायची, इथपर्यंत आणलंय. कोण आधी भरणार यावर अडलंय.

---

झेडपी_मास्तर

आज साक्ष झाली. कोयत्याचं लेबल दाखवलं, सही माझीच. मूठ कुजलेली होती हे मी आपणहून सांगितलं, तर साहेबांनी मान वर करून बघितलं. चेहरा आठवत नाही म्हटलं. उलटतपासात तिसराच प्रश्न आला, "असा कोयता कुठल्याही बाजारात मिळतो, हे म्हणणं खरं आहे का?" आप्पा, मला हसू आवरेना. ओठ चावून "खरं आहे" म्हटलं.

आता एकच. दिवस गेला, शाळेत रजा लावायची की काय?

---

जुना_शिरस्तेदार

रजा कशाला? समन्सवर गेला होतात. हजेरीचा दाखला कोर्टातून मागून घ्यायचा होता, घेतला नसेल तर उद्या दुपारच्या सुट्टीत जाऊन घ्या, बेंच क्लार्क देतो. साक्षीदार भत्त्याचंही विचारा, जाण्यायेण्याचं एसटीचं तिकीट जपून ठेवलंय ना?